सल्ला न देणाऱ्या बाई

दौंडच्या कॉलेजात एक सल्ला केंद्र होतं आणि त्या केंद्राच्या प्रमुख बाई कुणालाही सल्ला देत नसत. फारच कुणी गळ घातली तर म्हणायच्या, "सल्ला पायजेल तर यष्टी स्टँडावर जा. चहाच्या टपरीवर धा जन रिकामे बसल्यात, फुकट देतील. हितं मिळनार न्हाई."

हे लिहिणारा माणूस आठवीतून शाळा सुटलेला आहे, हे आधीच सांगतो. वऱ्हाडात मलकापूरच्या पुढचं माझं गाव, आणि आता सुरतेला एका गल्लीत खानावळ चालवतो. नातीच्या कॉलेजात मुलांचं मन मोकळं करायला एक खोली केली आहे म्हणे. गुलाबी पडदे, गार हवा. ती मला म्हणाली, "आजोबा, तुमच्या वेळी असलं काही नसेल ना?" मी म्हटलं, होतं की. दौंडला होतं. त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरच्या सुमाराला. ती हसली. मला वाटलं, लिहून ठेवावं.

बाई केंदूरच्या. घरी एके काळी मेंढरं होती. आजोबा मेंढरांमागे रानोमाळ हिंडले, वडिलांनी शेती धरली आणि बाईंनी पुस्तक. कॉलेजात त्या तर्कशास्त्र आणि मानसशास्त्र शिकवत. वर्गात बोलणं छापल्यासारखं शुद्ध, पण उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की लगेच हाय-न्हाईवर येत. उंच, हाडापेरानं मजबूत, पदर कायम कमरेला खोचलेला, पायात टायरच्या चपला. लग्न केलं नव्हतं. एकदा प्राचार्यांच्या मंडळींनी हळदीकुंकवाच्या वेळी त्याबद्दल विचारलं, तर म्हणाल्या, "कामाच्या गडबडीत इसरले बगा."

केंद्र त्यांनीच मागे लागून काढलं होतं. त्याच्या आदल्या साली कॉलेजातला एक मुलगा परीक्षेच्या तोंडावर रुळाकडं गेला आणि परत आला नाही. त्याबद्दल कॉलेजात कुणी मोठ्यानं बोलत नसे. बाईही बोलत नसत. पण सारखं प्राचार्यांच्या दारात जाऊन उभ्या राहत. शेवटी प्राचार्यांनी जिन्याखालची खोली दिली, एक टेबल आणि दोन खुर्च्या दिल्या, आणि बाहेर मोठी पाटी लावली: विद्यार्थी सल्ला केंद्र.

पाटी लागली आणि तिथं चिटपाखरू फिरकेना. जो त्या पाटीखाली दिसला त्याच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं पोरांनी ठरवून टाकलं. पहिल्या सत्रात खोलीत नेमानं एक शेळी तेवढी येऊन बसायची, सावलीला. बाईंनी एक दिवस पाटी काढली, तोंड भिंतीकडं करून परत ठोकली आणि खोलीला कुलूप लावून मेसच्या पडवीत येऊन बसल्या. आणि तिथं मी होतो.

मी मेसवर कामाला होतो. आचारी आप्पा आमच्याच गावचे, नात्यानं लांबचे काका. वडील गेले, मी नापास झालो, तेव्हा माझ्या आईनं मला त्यांच्या हवाली केलं. दुष्काळ नुकता सरला होता. ज्वारी मिळत नव्हती, रेशनवर लाल मिलो, म्हणजे अमेरिकेतून आलेली हलकी ज्वारी, यायचा, त्यात निम्मे खडे आणि माती. दुपारभर पराती घेऊन निवडत बसलं तरी दुसऱ्या दिवशी पोरं भाकरी थुंकायची. बाईंनी आप्पांना विचारलं, "आप्पा, ही निवडायला मानसं किती लागत्याल?"

"जितके येतीन तितके कमीच हाय," आप्पा म्हणाले.

बाईंनी हॉस्टेलवर नियम काढून घेतला. दुपारच्या वेळेत प्रत्येकानं पाळीपाळीनं मेसवर दाणे निवडायचे, नसेल पाळी तरी यायला हरकत नाही. पोरांनी लई आरडाओरडा केला. तळेगाव ढमढेऱ्याचा एक दांडगा गडी होता, त्याला सगळे पैलवान म्हणत. तो कंबरेवर हात ठेवून म्हणाला, "बाई, हे बायकांचं काम हाय."

"व्हय?" बाई म्हणाल्या. "मग भाकरी खायचं काम बी बायकांना देऊ या."

पैलवान खाली बसला.

असं ते केंद्र सुरू झालं. समोरासमोर दोन पराती. नजर दाण्यात. कुणी कुणाच्या तोंडाकडं बघायचं नाही. आणि आपण इथं का बसलोय, हे कुणाला सांगावं लागत नाही, कारण नियमच आहे. हात चालू लागले की थोड्या वेळानं तोंड आपोआप चालू व्हायचं. आधी मिलोला शिव्या, मग मास्तरांना, मग घरच्यांना. मग एकदम कुणीतरी गप्प व्हायचं. बाई तेव्हा मान वर करत नसत. नुसतं विचारत, "कुठं दुखतंय?" पोरगं छातीला हात लावायचं, कुणी पोटाला, कुणी गळ्याला. बाई म्हणायच्या, "बरं." आणि निवडत राहायच्या. त्या "बरं"मध्ये काय होतं मला आजही सांगता येत नाही. पण पोरं त्यानंतर बोलायची.

त्यांच्याजवळ बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असे. त्यात निवडलेले खडे. एखाद्याची परात स्वच्छ झाली आणि त्याचं बोलणं अजून गळ्यातच अडकलेलं असलं, तर बाई त्याची नजर चुकवून डब्यातले मूठभर खडे परातीत टाकायच्या. "आरं, ह्यात लई खडं राह्यलं की. बघ परत." पोरगं बिचारं पहिल्यापासून लागायचं. हे फक्त मला आणि आप्पांना ठाऊक. आप्पा कपाळाला हात लावत. "बाई, तुमच्या पायी माही नोकरी जाईन एक दिवस!"

जायचीच होती. एकदा एका मुलीला इतक्या वेळा परात निवडायला लावली की बोलणं संपलं पण खडे संपले नाहीत, आणि बाई ते विसरून गेल्या. त्या संध्याकाळी नेमके प्राचार्य मेसवर जेवायला आले. पहिल्याच घासाला असा आवाज झाला की सगळी पंगत थांबली. प्राचार्य गालाला हात लावून उभे राहिले.

"कुणी निवडलं हे?"

बाई उठल्या. "केंद्रानं."

"कसलं केंद्र? खोलीला तर कुलूप आहे! मी किती वेळा म्हटलं, कोण येतं, कशासाठी येतं, नावानिशी अहवाल द्या."

नावं देणं बाईंना मान्य नव्हतं. त्यांनी दुसऱ्या दिवशी अहवाल दिला. त्यात लिहिलं होतं, या सत्रात केंद्रानं पाच पोती मिलो निवडला. दात दुखावल्याबद्दल दिलगीर आहोत. प्राचार्यांनी तो वाचून काय केलं ठाऊक नाही, पण पुढच्या महिन्यात मेसला दोन नवीन पराती आल्या.

पैलवानाचं दुखणं परीक्षेचं होतं. वर्गात सगळं यायचं, घोकून पाठ असायचं, आणि परीक्षेच्या हॉलमध्ये बाकावर बसलं की पाटी कोरी. त्या एवढ्या दांडग्या देहातून रडू यायचं ते लहान पोरासारखं. बाईंनी त्याला अभ्यास कर म्हटलं नाही, देवाचं नाव घे म्हटलं नाही. रविवारी शिपायाकडून हॉल उघडून घ्यायच्या आणि त्याला त्याच बाकावर परात घेऊन बसवायच्या. मोकळा हॉल, एकटा पैलवान, एक परात. असे कितीतरी रविवार.

मी विचारलं, "बाई, हे काय?"

"आमच्या आज्याकडनं शिकले," त्या म्हणाल्या. "लोकर कातरायच्या आदी मेंढरं धुवायला लागत्यात. आन् मेंढरू पान्याला भितं. वढत नेलं तर हातपाय झाडतं, बुडून बी मरतं. आजा काय करायचा, पयल्या दिशी नुसतं काठाव बसवायचा. चारा टाकायचा. दुसऱ्या दिशी खूर भिजंल इतकं आत. मेंढराला कळायच्या आदी त्याच्या पायाला पानी कळलं पायजेल."

पैलवान त्या वर्षी तिसऱ्या वर्गात पास झाला आणि मेसभर एकेकाला खांद्यावर घेऊन नाचला.

आता माझं. मी मुद्दाम मागं ठेवत होतो, कारण अजून त्याबद्दल लिहायचं म्हटलं की तळहाताला घाम येतो.

दौंडला येताना मनमाडच्या पुढं गाडीत तोबा गर्दी होती. मी दाराच्या आणि एका ट्रंकेच्या मधे दाबून उभा. एकाएकी छाती धडधडायला लागली, हातापायांना मुंग्या, श्वास पुरेना. वाटलं, हे मरण. मी खाली पडलो. लोकांनी नाकाला कांदा लावला, चप्पल हुंगवली, कुणी म्हणालं फिट आली, कुणी म्हणालं बाहेरचं आहे. आप्पांनी मला दौंडला उतरवलं ते खांद्यावर टाकून. त्यानंतर मी गाडीत बसलो नाही. बसायचं म्हटलं तरी तीच धडधड. आप्पा वर्षातून एकदा गावी जाऊन येत, मी मेसवर राही. पहिल्या वर्षी म्हटलं ताप आहे, दुसऱ्या वर्षी म्हटलं काम आहे. आई आप्पांबरोबर ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ पाठवायची आणि विचारायची, पोरगं काहून येत नाही? जंक्शनच्या गावात राहायचं, रात्रंदिवस शिट्ट्या ऐकायच्या, आणि एकाही गाडीत पाय टाकता येऊ नये. मी पोरांच्यात हसून वेळ मारून नेई. ती मला माझ्या बोलण्यावरून "मले-तुले" म्हणत. खरं कुणाला सांगितलं नव्हतं.

मग आप्पा एका दुपारी गावाहून आले ते माझ्या ताईचं लग्न ठरल्याची बातमी घेऊनच. "वैशाखात हाय. बाप नाही, तू एकटा भाऊ. नवरदेवाचा कान तुलेच पिळा लागते. माय म्हणे, यंदा पोरगा आला नाही तर मी मांडवात बसत नाही."

मी परात घेऊन बसलो होतो. दाणे दिसेनासे झाले. समोर बाई होत्या. "कुठं दुखतंय?" म्हणाल्या. मी छातीला हात लावला. "बरं," बाई म्हणाल्या. आणि मग मी सगळं सांगितलं, चप्पल हुंगवल्यापासून.

ऐकून झाल्यावर त्यांनी डब्यात हात घातला नाही. म्हणाल्या, "वैशाखाला टाईम हाय. उद्या दुपारी ठेसनावर."

प्राचार्यांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते म्हणाले, "बाई, केंद्र विद्यार्थ्यांसाठी आहे. मेसच्या पोरासाठी नाही."

"त्यो बी शिकतोयच की," बाई म्हणाल्या. "फकस्त तुमच्याकडं न्हाई."

दौंडची एक गंमत आहे, बाहेरच्यांना सांगावी लागते. पुण्याकडून येऊन मनमाडला जाणारी गाडी दौंडला आली की तिचं तोंड फिरतं. इंजिन पुढचं काढायचं, फिरवून आणायचं आणि मागच्या टोकाला लावायचं. तोवर गाडी बिनइंजिनाची निवांत उभी. दुपारच्या पॅसेंजरला तर हे सगळं सावकाश चाले. बाईंनी नेमकी ती वेळ धरली. आधी काही दिवस आम्ही फलाटावरच बसलो, प्लॅटफॉर्म तिकीट काढून, मधे सूप ठेवून, मिलो निवडत. पैलवानही यायचा, गोणी धरायला. हमाल हसायचे. मग एक दिवस बाई म्हणाल्या, "चल आत."

माझे पाय जागचे हलेनात.

"इंजिन हाय का?"

"नाही."

"मग ती गाडी न्हाई. चाकावरली खोली हाय नुसती. खोलीला भितोस व्हय?"

"भितो," मी म्हणालो.

"भी की. भ्यायला कोन नको म्हनतंय? पन बस."

मी बसलो. दाराशेजारच्या बाकावर, एक पाय बाहेर काढून. छाती धडधडली. हात चालू होते. इंजिन लागलं की डब्याला धक्का बसतो. बाईंचा नियम असा, की धक्का बसला की उतरायचं. आम्ही उतरलो. दुसऱ्या दिवशी परत. पाय आत आला. मग दारापासून एक बाक आत, मग दोन बाक. पॅसेंजरमधल्या बायकांना मिलोचं सूप दिसलं की त्यांचेही हात शिवशिवायचे. "अवो, असं न्हाई, हिकडं द्या," म्हणत सूप ओढून घ्यायच्या. कुणी नगरला निघालेली, कुणी माहेरी. एका म्हातारीनं तर बाईंना सांगितलं, "पोरगा चांगला हाय तुमचा, पन निवडायची अक्कल न्हाई." बाई म्हणाल्या, "व्हय, बापावर गेलाय." तिकीट तपासनीसही ओळखीचा झाला. आम्हाला "दाणेवाली मंडळी" म्हणायचा.

मग ती दुपार आली. त्या दिवशी डबा भरलेला होता आणि बायका जोरात होत्या. बाईंनी बाकावर पदर पसरून त्यावर निवडलेला मिलो ओतला होता आणि दोघीतिघींशी मेंढरांच्या गोष्टी रंगल्या होत्या. धक्का बसला. मला कळला. मी म्हटलं, "बाई, धक्का." बाईंनी ऐकलं नाही. पैलवान दारात उभा होता, त्यानं गोणीसकट फलाटावर उडी टाकली आणि ओरडला, "बाई! सुटली!"

बाई उठल्या, पण पदरावर हॉस्टेलचं पायलीभर धान्य. ते सांडून त्या उतरणाऱ्यांतल्या नव्हत्या. दोन्ही हातांनी पदराची टोकं गोळा करेपर्यंत फलाट संपला.

पुढं भीमेचा पूल आहे. पुलावर गाडीचा आवाज बदलतो, खाली एकदम पोकळी येते. मला वाटलं आता छाती फुटणार. मी दाराकडं जायला निघालो, तर बाईंनी मनगट धरलं. एका हातात पदर, एका हातात माझं मनगट. त्यांचा हात गार पडला होता. "हात थांबवू नको," म्हणाल्या. "भी. पन निवड." आणि पदरातले मूठभर दाणे माझ्या तळहातावर ठेवले. मी काय निवडत होतो मला दिसत नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पूल संपला. मी मेलो नव्हतो.

काष्टीला उतरलो. उतरल्यावर बाई घाबरल्या, तिकिटाला. आयुष्यात बिनतिकीट एक पाऊल न टाकलेली बाई. पदरात मिलो, पायात टायरच्या चपला, आणि स्टेशन मास्तरासमोर जाऊन उभ्या राहून "आम्ही चुकून आलो, दंड लावा" म्हणतायत. मास्तर म्हणाला, "आक्का, पदरात काय हाय?" "मिलो." त्यानं हात जोडले, "जावा."

एका बैलगाडीवाल्यानं आम्हाला पुलाजवळपर्यंत आणलं. मेसवर आलो तर आप्पा, पैलवान, निम्मं हॉस्टेल पडवीत उभं. बाईंनी मिलो परातीत ओतला, पदर झटकला आणि सगळ्यांच्या देखत माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"चुकलं माझं," म्हणाल्या. "तुला न इचारता पान्यात वढलं. आज्यानं हे कंदी केलं नसतं."

कुणी हसलं नाही. कॉलेजातली प्राध्यापिका, आणि मी मेसवरचा आठवी नापास. मी आत जाऊन चुलीपाशी बसलो.

खरं तर त्या दिवशी मी पूल ओलांडला होता. पण अंगानं ते मानलं नाही. दुसऱ्या दिवसापासून स्टेशनाचं नाव काढलं की मी उठून भांडी घासायला जायचो, भीती पहिल्यापेक्षा जास्त. सगळी मेहनत पाण्यात. बाई रोज दुपारी पडवीत येऊन बसत, पोरांशी निवडत, मला काहीच विचारत नसत. आप्पा मात्र जाताना कळवळून बोलले. लग्नाच्या स्वयंपाकासाठी त्यांना आधी जायचं होतं. "चाल रे मायासंग. मी धरून नेतो तुले." मी नको म्हणून मान हलवली. धरून न्यायला मी आता तयार नव्हतो. ते एकटे गेले.

त्यानंतर काही दिवसांनी, दुपारी, मी स्वतःच सूप उचललं आणि बाईंपुढं उभा राहिलो. "बाई, चला."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. परात बाजूला केली, हात झटकले. "आदी फलाट?"

"आधी फलाट."

पुन्हा पहिल्यापासून.

बाईंचं पुढचं सांगून टाकतो, मग शेवटचं सांगतो. काही वर्षांनी त्या शिरूरला गेल्या. तिथंही केंद्र काढलं. तिथल्या कॉलेजला मेस नव्हती, तर यांनी सायकल स्टँड मागून घेतलं म्हणे. पंक्चर काढता काढता पोरं बोलायची, आणि बाई एका झालेल्या पंक्चरशेजारी दुसरं भोक पाडत असतील, असा माझा अंदाज आहे. हे सगळं पैलवानानं कळवलं. तो पुढं एसटीत कंट्रोलर झाला आणि दर वर्षी नव्या कंडक्टरांच्या परीक्षेआधी त्यांना मोकळ्या हॉलमध्ये नेऊन बसवायचा. बाई गेल्या हेही त्यानंच कळवलं. त्यांच्या हाताखाली शिकलेली दोनतीन मुलं-मुली मोठ्या शहरांत आता असलीच केंद्रं चालवतात. त्यांच्याकडं पडदे असतील, पाट्या सरळ लावलेल्या असतील. माझी काही तक्रार नाही. पाटी सरळ लावता येण्याइतके दिवस आले, हे बरंच झालं. मी एकदा बाईंचे आभार मानायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "कशाचं आभार? मी काय सल्ला दिला व्हता का?"

माझी भीती गेली का, असं नातीनं विचारलं. नाही गेली. अजूनही गाडी सुटायच्या आधी तळहात ओले होतात. पण मी जातो.

तर लग्नाच्या दोन दिवस आधीची ती दुपार. मला वाटत होतं, बाई निदान नगरपर्यंत येतील. मी तसं म्हटलंही.

"मी न्हाई येनार," त्या म्हणाल्या. "मी आले तर तुझं भ्या माझ्यापाशी ठिवायला देशील. आन् मला तास हाय."

"मग सूप तरी घेऊन जातो."

"जल्मभर सूप घेऊन हिंडनार काय? ठेव ते."

आणि खरोखरच तासाला निघून गेल्या. वळूनही पाहिलं नाही. मला फार वाईट वाटलं.

स्टेशनवर पैलवान आला. माझी पिशवी त्यानं बाकावर ठेवली, खिडकीपाशी रुमाल टाकला. "ए मले-तुले, उतरलास तर बघ. तुझ्या ताईच्या लग्नातलं लाडू मी खानार." मग पिशवी जरा आत सरकवली. "जा लका," म्हणाला आणि उतरला.

मी बसलो. हात रिकामे. इंजिन मागं फिरून येत होतं, त्याचा आवाज ऐकू येत होता. आणि मग धक्का बसला. तेव्हा मला एक गोष्ट कळली जी बाईंच्याही आणि माझ्याही लक्षात आली नव्हती. इतके दिवस धक्का बसला की मी उतरत होतो. माझे पाय आपोआप उठले. मी उभा राहिलो, पिशवी खांद्याला अडकवली, दारापर्यंत गेलोसुद्धा. पैलवान खाली उभा. त्यानं मला पाहिलं. चल म्हणाला नाही, उतर म्हणाला नाही. बाईंच्याच पडवीत बसलेला गडी. नजर वळवून फलाटाच्या फरशीकडं बघत राहिला.

मी मागं फिरलो. जागेवर बसलो. गाडी हलली.

पूल आला. छाती तशीच धडधडली, जराही कमी नाही. समोर एक म्हातारबुवा होते, तोंडात दात नव्हते, पंच्यात भुईमुगाच्या शेंगा बांधलेल्या. एक शेंग बोटात धरून उगीच चाळवत होते. "पोरा," म्हणाले, "जरा सोलून देतोस का? बोटात दम न्हाई राह्यला." मी पंचा मांडीवर घेतला. सोलायला लागलो. काष्टी गेलं. काष्टीच्या पुढं मला ओळखीचं काही नव्हतं. मी सोलत होतो. म्हातारबुवा दाणे पिशवीतल्या छोट्या खलबत्त्यात घालून कुटून खात होते आणि मधून मधून म्हणत, "भले." नगर आलं तेव्हा माझी नखं दुखत होती आणि सगळा पंचा टरफलांनी भरला होता.

मनमाडला गाडी बदलली. तिथं पुन्हा एकदा दारातून परत आलो. परत आलो हे महत्त्वाचं.

गावी पोचलो तेव्हा मांडवाला आंब्याचे टाळे बांधणं चालू होतं. आप्पा चुलवणापाशी झारा घेऊन उभे होते. मला पाहिलं आणि झारा तसाच वर धरून राहिले. कढईतलं करपायला लागलं तरी त्यांना भान नव्हतं. ताई हळदीच्या अंगानं आतून पळत आली. आई दारात उभी होती. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आप्पांनी एवढ्या वर्षांत तिला एक अक्षर सांगितलं नव्हतं. तिनं माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले, पिशवी काढून घेतली आणि कुठल्याही आईनं विचारावं तसं विचारलं,

"गाडीत बसाले जागा भेटली काय रे बापू?"

"भेटली माय," मी म्हणालो. "खिडकीपाशी भेटली."